उजवं फूल

२ डिसेंबर ७४, सोमवार. सातारा

चौथ्या तासाला शिपाई वर्गावर आला. फाटकाशी एस.टी.चा ओळखीचा कंडक्टर उभा, हातात टोपी. दादाने कुंडलहून निरोप धाडला होता. "आई गोठ्यात पडली. शुद्धीवर आहे. येऊन जा." माझा हा थोरला भाऊ बोलण्यात पहिल्यापासून कंजूष. कुठं लागलं, किती वेळ पडून होती, काही नाही.

दसऱ्याला चुलीपुढे पडली होती. दिवाळीत नळावर. दोन्ही वेळा "उपास व्हता, भवंड आली" असं म्हणून तिनं सगळ्यांना उडवून लावलं. आता कसला उपास? मार्गशीर्षही लागला नाही अजून.

प्र. म्हणाले, मीही येतो. (लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव सगळं लिहायला हात वळत नाही, इथंसुद्धा.) नको म्हटलं. पोरांना डबे कोण देणार?

रजेचा अर्ज दिला. हेडबाई म्हणाल्या, आठवीचा 'हृदय व रक्ताभिसरण' तेवढा संपवून गेला असतात तर. हसावं की काय करावं.

४ डिसें., बुध. कुंडल

कराडला गाडी बदलून काल संध्याकाळी पोचले. आई दारात उभी! कपाळाला हळदीचा लेप, डोळ्याखाली काळंनिळं. मला बघताच, "तुला कुनी बोलावलं गं सुमे? शाळा सोडून आलीस व्हय? मला काय धाड भरलीया?"

बसवून नाडी धरली. थांबली की काय वाटलं, इतकी सावकाश. पुन्हा धरली. पस्तीस-छत्तीस. माझंच चुकत असेल म्हणून वहिनीची बघितली, ती ठीक. आठवीच्या पोरींना दरवर्षी बहात्तर सांगते मी.

तात्या ओट्यावर बसून होते. वडिलांना फौजेतून येऊन किती काळ लोटला, पण बसतात अजून ताठ, दमा उसळला की मगच वाकतात. मला म्हणाले, "पोरी, उद्या मिरजंला नेऊया. मी सांगून दमलो. तुजं ऐकंल." माझं तरी कधी ऐकलंय तिनं?

५ डिसें., गुरु. मिरज

सगळं एकदमच ऐकलं, त्यामुळे डोक्यात नीट बसलेलं नाही. लिहून काढते, बघू अर्थ लागतो का.

आईच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघणारा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही. खालचा आपल्या मनाने, रेंगाळत चालतो. मधूनच थांबतो. थांबला की ती पडते, चालू झाला की उठते. "एखाद्या वेळी चालू होणार नाही," डॉक्टर म्हणाले. कधी? ते सांगता येत नाही. उद्या, वर्षाने, तीन वर्षांनी.

उपाय म्हणजे पेसमेकर. अंगाच्या साबणाच्या वडीएवढी पेटी, गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत शिवायची. तिची तार हृदयात. मुंबईत बसवतात. पेटी परदेशातून येते. बॅटरी दोनेक वर्षं चालते, मग पुन्हा कापायचं, पुन्हा नवी. वयामुळे धोका आहेच. तोवर जिभेखाली धरायच्या गोळ्या.

तात्यांना माझ्याआधी कळलं. "म्हंजे लाइन तुटलीया. मोर्चावर जवान हाईत, पन हुकूम पोचंना." डॉक्टर खूश. मग तात्याच म्हणाले, "पर साहेब, आमच्या वायरलेसला बी बॅटरी व्हती. नेमकी मोक्याला दगा द्यायची."

आईचे प्रश्न वेगळेच. "झोपताना काढून ठेवता येती का?" नाही. "मी मेल्यावरबी ठकठकत ऱ्हाईल का?" ठकठकली तरी हृदय ऐकत नाही, म्हणाले. मात्र अग्नी देण्याआधी काढून घ्यावी लागते, नाहीतर पेटी फुटते. आईने तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

आणि बांगड्या. कार्डिओग्रामच्या वेळी नर्स म्हणाली, मनगटाला पट्ट्या बांधायच्या आहेत, बांगड्या काढा. आईने हात असा ओढून घेतला की टेबल हललं. तिच्या हिरव्या बांगड्या कासारणीनं मूठ दाबून दाबून चढवलेल्या असतात, घट्ट. त्या सालभर टिकतात याचा तिला कोण अभिमान! काढायच्या म्हणजे वाढवायच्याच. ("फुटल्या" हा शब्द ती बांगडीला लावू देत नाही. बाईच्या बांगड्या फोडतात ते नवरा गेल्यावर.) शेवटी कोपराकडे सरकवून फडक्याने बांधल्या. नर्स बिचारी सहज बोलून गेली, "मावशी, इथं चाललं. मुंबईत ऑपरेशनला सगळंच उतरवतात, मंगळसूत्रसुद्धा."

परत येताना गाडीत आई खिडकीतून ऊस बघत होती. एकदाच बोलली. "टेबलावरच गेले तर मग मी कशी जानार? रिकाम्या हातानं?"

मी म्हटलं, असं काही होत नाही. मला काय माहीत काय होतं?

८ डिसें., रवि. कुंडल

घरात दोन दिवस तेच. दादा म्हणतो करायचंच. त्याला विचारलं, का? "आई हाय म्हनून." वहिनी म्हणते, या वयात कापाकापी नको, त्यांना सुखाने राहू द्या. मग दुपारी माझ्याजवळ येऊन रडली. म्हणाली, वन्सं, मी नको म्हटलं आणि काही झालं तर गाव मलाच बोलेल, तुम्ही माझं म्हणणं मोजू नका.

तात्या, "डाक्टर म्हनतील तसं." डॉक्टर, "घरच्यांनी ठरवायचं." आई, "म्हशीला पेंड कुनी घातली?"

आणि मी? सकाळी वाटलं करावं. अंघोळ करताना वाटलं, दर दोन वर्षांनी तिला कापून घ्यायला कोण नेणार? जेवताना पुन्हा वाटलं करावं. आई भाकरी थापत होती, मध्येच हात थांबला, परातीच्या कडेला धरून बसली. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. तिने डोळे उघडले. "काय तमाशा हाय व्हय? बसा जेवाया."

उद्या सातारा. इथं थांबून तरी काय करते मी.

१३ डिसें., शुक्र. सातारा

प्र. ना सगळं सांगितलं. त्यांचं आपलं सरळ. त्यांच्या ऑफिसात पंपाचा स्टार्टर बिघडला की बदलतात, चर्चा करत नाहीत. म्हटलं, पंपाला विचारावं लागत नाही. मग म्हणाले, आईंना तरी विचारलंत का कुणी नीट? विचारलं की! ती पेंडीवर जाते. सांगून सांगून मीच चिडले. भाजी करपली.

२२ डिसें., रवि. कुंडल

नाताळची सुट्टी. आल्या आल्या दादाने सांगितलं, मुंबईत एक पेटी आली आहे, मिरजेच्या डॉक्टरांनी आईसाठी शब्द टाकून ठेवलाय. संक्रांतीपर्यंत हो-नाही कळवा, नाहीतर ती दुसऱ्या पेशंटला जाईल. परवाच एकदा पडली म्हणे, अंगणात. तात्यांनी आधी सांगूच दिलं नाही.

आजवर निदान "बघू" म्हणायची सोय होती.

आईच म्हणाली, "देवीला कौल लावा. ती म्हनंल तसं." सगळ्यांचे चेहरे उजळले. माझासुद्धा. शास्त्राची बाई आहे मी, आणि मला इतकं हायसं वाटलं की लाज वाटली.

२४ डिसें., मंगळ.

ओढ्याकाठचं देवीचं देऊळ. आई बैलगाडीतून, आम्ही चालत. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना पाणी लावून शेवंतीचं एकेक फूल चिकटवलं. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. दादा गाऱ्हाणं घालायला सांगणार तोच गुरव म्हणाला, "थांब. जिवाचा परस्न देवळात तोंडानं बोलत न्हाईत. अभद्र शबूद निगायचा. ज्येनं त्येनं मनातच धरा." आमच्याकडची जुनी रीत म्हणे. मला आठवत नव्हती.

मग सगळे डोळे मिटून. मी मात्र फुलांकडेच बघत होते. उजव्या अंगाला दाराचा वारा लागतो, तिकडचं पाणी आधी सुकणार, म्हणजे उजवंच पडणार, असलं काहीतरी डोक्यात. मग वाटलं हे काय करतेय, आधी विचारू तरी. काय विचारू? ऑपरेशन करावं का? की आई वाचेल का? की मला ठरवायला लावू नकोस? जुळवाजुळव चालू होती एवढ्यात फूल पडलं. उजवं!

दादाच्या डोळ्यांत पाणी. वहिनीने गूळ वाटला. तात्यांनी देवीला कडक सलाम ठोकला, फौजेतला. आणि आई! गाडीत बसताना हसत होती, गाडीवानालाही गूळ दिला. दसऱ्यानंतर तिला अशी मोकळी पाहिली नव्हती.

ठरलं तर. दादा शुक्रवारी मिरजेला जाऊन हो सांगणार. छातीवरचं ओझं उतरलं. माझा प्रश्न विचारायचा राहिलाच हे कुणाला सांगितलं नाही. दादाने विचारला असणारच.

२५ डिसें., बुध.

कसलं ठरलं नि काय.

सकाळी आईजवळ बसून पावटे सोलत होते. म्हटलं, मुंबईला दोन लुगडी पुरतील ना? म्हणाली, "कशाला मुंबई? आता काय करायचं त्या मशिनीचं? देवी व्हय म्हनली की."

"अगं व्हय म्हणजे ऑपरेशनला हो!"

"मी कुटं आपरेशनचं इचारलं?"

मग काय विचारलंस?

शेंगा सोलता सोलता, सहज सांगितल्यासारखं म्हणाली, "ह्यांच्या आदी जाईन का, म्हनून. भरल्या हातानं, भरल्या कपाळानं. उजवं पडलं. माजी काळजी मिटली. आता कवाबी येऊंदे."

म्हणजे काल गाडीत ती या आनंदात होती. मी सोललेले दाणे टरफलांत टाकत बसले होते, तिनेच हात धरून थांबवलं.

दादाला बाहेर बोलावून सांगितलं. तो डोकं धरून बसला. "पर मी तर आपरेशनचंच मनात धरलं व्हतं. मग फूल कुनाचं?" पुन्हा लावू म्हणाला. गुरवाला विचारून आला. एकदा लावलेला कौल सालभर फिरवता येत नाही. देवीचा अपमान होतो.

दादा शुक्रवारी मिरजेला जाणार नाही.

२७ डिसें., शुक्र.

ऊसतोड चालू आहे. तात्यांना चहा घेऊन फडावर गेले. बांधावर बसून गाड्या भरताना बघत होते. धूळ लागू नये म्हणून नाकाला पटका.

म्हणाले, "तुजी आय मशिनीला न्हाई म्हनती. फूल उजवं पडूनबी. का गं?"

सांगावं का? सांगितलं. हसले आधी. मग खोकला आला, खूप वेळ. पाणी प्यायले, श्वास जाग्यावर आला. मग म्हणाले, "मी बी त्येच मागितलं."

कळेचना मला. काय तेच?

"मला आदी ने म्हनलं. हिच्या आदी. उजवं पडलं तवा म्हनलं, झालं आपलं काम. म्हनून तर सलाम ठोकला."

बैल हलले, घुंगरं वाजली, गाडी निघून गेली. तात्या तिकडेच बघत बोलत होते. "मी फौजेत व्हतो तवा हिनं एकटीनं घर चालवलं. तुमा दोगास्नी वाढवलं. माज्या बाचं केलं. वरसा-वरसानं मी सुट्टीवर यायचो पावन्यागत. तिला एकटीला ऱ्हायाची सवं हाय पोरी. मला न्हाई. पलटनीत कुनी एकटा नसतो. ती गेल्यावर मी हितं काय करू?"

मी त्यांच्याजवळ बसून रडले. त्यांनी पाठीवर थोपटलं, म्हशीला थोपटतात तसं. चहा गार झाला होता, तसाच प्यायले.

एक फूल. दादाचं हो, आईचं हो, तात्यांचं हो. आई आधी, तात्याही आधी. देवीने कुणाचं ऐकलं असेल? तिचाही गोंधळ उडाला असेल, माझ्यासारखा.

२८ डिसें., शनि.

सांगितलं आईला. सांगायला नको होतं की काय... पण मला पोटात ठेवताच येईना.

गोठ्यात होती. ऐकलं आणि धार काढायची थांबली. मला वाटलं चक्कर आली, मी धावले. चक्कर नव्हती. संतापली होती! "त्यो कोन मागनारा? आँ? फौजंत गेला तवाबी न इचारताच गेला. आताबी न इचारता?"

दिवसभर तात्यांशी बोलली नाही. जेवणाचं ताट वहिनीकडून पाठवलं. तात्या मला खुणेने विचारत होते, काय झालं? मी मान फिरवली. दुपारी जिभेखालची गोळी दिली तर थुंकून टाकते म्हणाली. मग ठेवली.

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना एकटीच पुटपुटत होती. "भाकरीबी घेता येत न्हाई वाडून. तोंड वर करून मागतोय."

१ जाने. ७५, बुध. सातारा

नवी वही. नवीन काही नाही.

आज आठवीला हृदय घेतलं. फळ्यावर चार कप्पे काढले. एका पोरीने विचारलं, "बाई, हृदय बंद पडलं म्हणून माणूस मरतो, की माणूस मेला म्हणून हृदय बंद पडतं?" दरवर्षी कुणीतरी विचारतंच आणि दरवर्षी मी छान उत्तर देते. आज म्हटलं, आकृती काढा.

प्र. म्हणाले, मग आता तुमचं मत काय? मला मत नाही. करू नये म्हटलं की आई गोठ्यात पडलेली दिसते. करावं म्हटलं की तिचे उघडे हात दिसतात. आणि मध्येच बांधावरचे तात्या. प्र. नी चहा करून आणला. साखर विसरले.

१२ जाने., रवि. कुंडल

शनिवारची शाळा करून आले. परवा संक्रांत. दादाला उद्या मिरजेला कळवायचंय. हो की नाही, कुणीच बोलत नाही. आई-तात्या आता बोलतात एकमेकांशी, पण पेंड, ऊस, दमा, एवढंच.

सकाळी कासारीण आली. सणाआधी येतेच. अंगणात घोंगडं टाकून पेटी मांडली, आळीतल्या बाया जमल्या. पहिला मान आईचा. कासारणीने नेहमीचं माप काढलं आणि आईची मूठ दाबायला घेतली.

आई म्हणाली, "ही नगं. यक माप मोटी दे."

"अवं आक्का, सैल व्हतील. हातात ऱ्हायाच्या न्हाईत."

"सैलच पायजेत."

कासारीण माझ्याकडे बघायला लागली. मी आईकडे. आई कुणाकडेच नाही. शेवटी एकेक जुनी ठेवून बाकीच्या वाढवल्या, मोठ्या मापाच्या चढवल्या, मग ती उरलेली वाढवली. हात क्षणभरही रिकामा ठेवायचा नसतो. दाबायला काही लागलंच नाही. आपोआप गेल्या.

तात्या ओट्यावर होते. आई उठली, हळूहळू त्यांच्यापाशी गेली. खाली बसली. डाव्या हातातल्या बांगड्या उजव्या हाताने धरल्या आणि बोटं मिटून एकेक करत सगळ्या उतरवल्या, अख्ख्या. एकही वाढवावी लागली नाही. मला मिरजेची नर्स आठवली. त्या तात्यांच्या ओंजळीत ठेवल्या.

"धरा वाईच."

आईचं डावं मनगट उघडं, वर्षानुवर्षं ऊन न लागलेलं, गोरं. मी ते पहिल्यांदाच पाहत होते. तात्यांच्या हातातल्या बांगड्या किणकिणत होत्या.

आईने स्वतःच्या मनगटाकडे थोडा वेळ बघितलं. मग हात पुढं केला. "द्या हिकडं." तात्यांनी एकेक चढवली. त्यांना जमत नव्हतं, दोन उलट्या क्रमाने गेल्या. तिने चुका काढल्या, पण हात ओढून घेतला नाही.

दुपारी दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सुमे, मग उद्या मिरजंला काय सांगू?"

मी आईला विचारायला आत गेले. ती भाकरी करत होती. थापताना बांगड्या पिठात येत होत्या, मध्येच थांबून कोपराकडे सारत होती. मी दारातच उभी राहिले. विचारलं नाही अजून.